यकृत व रक्तशर्करा (मधुमेह, प्रकार २)

रक्तातील ग्लुकोजची पातळी राखण्यात यकृताचा असलेला वाटा आणि प्रकार २ च्या मधुमेहात त्यात होणारा बिघाड. रात्री साखर आटोक्यात असते, त्यानंतर पोटात काही जात नाही, तरी सकाळी उपाशीपोटी ती वाढलेली दिसते. पथ्य पाळणाऱ्या रुग्णाला बुचकळ्यात टाकणारी ही वाढ मुख्यतः यकृतातून येते. तिचा दोष पथ्याला देणे अन्यायाचे आहे.

यकृत साखर तयार करते, हे फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार यांनी १८४८ च्या सुमारास दाखवले. केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तातही त्यांना साखर आढळली. १८५५ मध्ये त्यांनी ताजे यकृत साखर उरेनाशी होईपर्यंत पाण्याने आतून धुतले व ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर होती. तिचा साठा असलेले ग्लायकोजेन त्यांनी १८५७ मध्ये वेगळे केले. प्रौढाच्या यकृतात ते साधारणपणे १०० ग्रॅम असते. साठा ओसरू लागला की लॅक्टेट, ग्लिसरॉल व ॲमिनो अम्लांपासून नवे ग्लुकोज घडवले जाते.

स्वादुपिंडातील इन्शुलिन प्रथम यकृतात पोचते आणि सुमारे निम्मे तेथेच वापरले जाते. ते यकृतातील ग्लुकोजनिर्मितीला थेट आवरते, की मेदऊतींतून सुटणारी मेदाम्ले रोखून अप्रत्यक्षपणे, याविषयी दुमत आहे. दोन्ही मार्ग चालत असावेत. त्याहून कठीण कोडे असे की, मधुमेहात इन्शुलिनला ग्लुकोजनिर्मिती थांबवता येत नाही, पण इन्शुलिनमुळेच होणारी मेदनिर्मिती मात्र चालूच राहते. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्राउन व गोल्डस्टीन यांनी २००८ मध्ये या विसंगतीकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी ब्रिटिश मधुमेहतज्ञ रॉय टेलर यांनी यकृतातील मेद व स्वादुपिंडातील मेद यांची परस्परपूरक दुष्टचक्रे कल्पिली. २०११ च्या त्यांच्या छोट्या अभ्यासात रोज सुमारे ६०० किलोकॅलरी आहारावर ठेवलेल्या रुग्णांची उपाशीपोटीची साखर आठवड्यात सामान्य झाली व यकृतातील मेद सुमारे ३० टक्क्यांनी घटला. असा आहार वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचा असतो. पीएनपीएलए३ जनुकातील एका बदलामुळे मात्र मेद साठूनही इन्शुलिनरोध (शरीराने इन्शुलिनला पुरेशी दाद न देणे) त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे मेद हेच एकमेव कारण म्हणता येत नाही, तरी टेलर यांची मांडणी अधिक ग्राह्य वाटते.

मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध यकृतातील ग्लुकोजनिर्मिती कमी करते, असे दीर्घकाळ मानले जाते. नेमकी यंत्रणा वादग्रस्त आहे.

प्रकार २ च्या निम्म्याहून अधिक रुग्णांत मेदयुक्त यकृत (फॅटी लिव्हर) आढळते. २०२३ मध्ये या विकाराच्या जुन्या नावातील ‘मद्येतर’ हा शब्द वगळून चयापचयाशी जोडलेले नवे नाव सुचवण्यात आले. रक्तातील यकृतविकरे (एन्झाइमे) सामान्य असली तरी यकृतात तंतुमयता (व्रणासारखे तंतू साठणे) असू शकते; म्हणून वय, दोन विकरे व बिंबाणुसंख्या (प्लेटलेटची संख्या) यांवरून फिब-४ हा निर्देशांक काढतात. तो १.३ पेक्षा कमी असल्यास प्रगत तंतुमयतेची शक्यता कमी असते. यकृत सूत्रणात (सिरोसिस) तांबड्या पेशींचे आयुष्य घटल्याने एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) खऱ्या सरासरीपेक्षा कमी येऊ शकते.