शिकारी सुरी

शिकारी सुरी : शिकार पडल्यावर जनावराचे पोट उघडणे, आतडी-कोथळा काढणे, कातडे सोलणे आणि मांसाचे वाटे करणे या कामांसाठीची, बहुधा न मिटणारी, लहान पात्याची सुरी. नाव शिकारीचे असले तरी जनावर मारण्यासाठी ती क्वचितच वापरतात. बंदूक किंवा बाणाचे काम संपले की तिचे सुरू होते. घायाळ जनावराला जवळून संपवण्यासाठी यूरोपात वेगळी हत्यारे होती. जर्मन शिकाऱ्यांच्या कमरेला असणारी ‘हिर्शफेंगर’ ही आखूड तलवार त्यांपैकीच. पारख करताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो, कारण दुकानात पटकन नजरेत भरणाऱ्या, वीतभराहून लांब, पाठीवर करवतीचे दाते असलेल्या सुऱ्या या कामाला सर्वांत निरुपयोगी असतात.

लहान सुरीची परंपरा फार जुनी आहे. आल्प्स पर्वतात ऑस्ट्रिया-इटली सीमेजवळ १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाजवळ चकमकीच्या दगडाचे आखूड पाते आणि लाकडी मूठ असलेली सुरी होती. तिचे म्यान झाडाच्या अंतर्सालीच्या धाग्यांचे होते आणि दगडाची धार पुन्हा काढण्यासाठी शिंगाचे टोक बसवलेले एक लाकडी अवजारही त्याच्याजवळ होते. फिनलंडची ‘पुक्को’ ही सरळ पाठीची सुरी, तसेच आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट स्त्रिया कातडी काढण्यासाठी वापरतात ती अर्धचंद्राकृती ‘उलू’, या दोन्हींचे रूप पूर्णपणे कामातून ठरलेले आहे.

अमेरिकेत मात्र मध्ये एक फाटा फुटला. १८२७ मध्ये मिसिसिपी नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर झालेल्या ‘सँडबार’च्या मारामारीनंतर जेम्स बोवी या अमेरिकन साहसवीराच्या मोठ्या सुरीची कीर्ती पसरली आणि टोकाजवळ पाठीचा भाग खोलगट कापलेली, ‘क्लिप पॉइंट’ पात्याची ‘बोवी’ सुरी शिकारीची म्हणूनही खपू लागली. ती मुळात झटापटीचे हत्यार होती. विसाव्या शतकात विल्यम स्केगल, त्याच्या कामाने प्रभावित झालेला फ्लॉरिडाचा बो रँडल आणि नंतर बॉब लव्हलेस (१९२९–२०१०) या कारागिरांनी शिकारी सुरीला पुन्हा कामाच्या मापात आणले. लव्हलेसची हकिगत प्रसिद्ध आहे : १९५३ मध्ये रँडलची सुरी विकत घ्यायला गेला असता कित्येक महिने थांबावे लागेल असे कळले, तेव्हा त्याने मोडीतल्या पॅकार्ड मोटारीच्या स्प्रिंगच्या पोलादातून स्वतःच सुरी घडवली. पुढे त्याने लोकप्रिय केलेला ‘ड्रॉप पॉइंट’ हा आकार आज शिकारी सुरीचा जवळजवळ प्रमाण आकार मानला जातो.

या आकारात पात्याची पाठ टोकाकडे हलक्या बाकाने खाली उतरते, त्यामुळे टोक पात्याच्या मध्यरेषेजवळ येते. त्याचा फायदा पोट उघडताना कळतो. बरगड्या संपतात तिथे कातड्याला छोटी चीर देतात, मोकळ्या हाताची तर्जनी आणि मधले बोट आत घालतात, त्या दोन बोटांच्या बेचक्यात पाते धार वर करून धरतात आणि पोटाची भिंत बोटांनी उचलत पुढे सरकतात. टोक वर उचललेले असेल तर ते हाताबाहेर जाते. उतरलेले टोक तर्जनीच्या ताब्यात राहते. आतडे किंवा मूत्राशय फुटले तर मांसाला घाण लागते, म्हणून हा ताबा महत्त्वाचा. धार वर ठेवण्यामागे आणखी एक हिशेब आहे. कातडे आतून बाहेर कापले की केस बाजूला होतात, कापले जात नाहीत. केसांत अडकलेली माती आणि वाळू धारेची मोठी शत्रू असते.

सोलण्याच्या कामाला धारेचा बाक, म्हणजे पात्याचे पोट, भरदार लागते. म्हणून ‘स्किनर’ सुऱ्यांचे पाते रुंद आणि पोटाळ असते. काही पात्यांच्या पाठीवर जनावराचे पोट फाडण्यासाठी हुकासारखा आकडा काढलेला असतो. तो दिसतो उपयोगी, पण त्याच्या आतल्या अरुंद वळणाला धार लावणे त्रासाचे असते, केस आणि चरबी त्यात अडकते आणि पाठीवर बोट ठेवायची जागा जाते. दोन बोटांची पद्धत एकदा जमली की त्याची गरज उरत नाही.

पात्याची लांबी ८ ते ११ सेंमी. आणि पाठीशी जाडी ३ ते ४ मिमी. असली की हरणापासून मूससारख्या प्रचंड जनावरापर्यंत काम भागते. जनावर मोठे म्हणून सुरी मोठी हवी असे नाही. चिरा उथळच द्यायच्या असतात. हाडे तोडण्याला करवत किंवा कुऱ्हाड असते आणि जाणकार तीही फारशी काढत नाहीत. ते सांधा चाचपतात, त्यात टोक घालतात, शिरा कापतात आणि सांधा उलटा वाकवून मोकळा करतात.

सुरी कशी कापेल हे पाठीच्या जाडीपेक्षा धारेच्या लगेच मागच्या जाडीवर अधिक ठरते. तिथे पाते अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर सुरी मांसात आपोआप उतरते. मिलिमीटरभर असेल तर कितीही पाजवली तरी ती पाचरीसारखी अडते. ‘हॉलो ग्राइंड’ या घासणीत पात्याच्या बाजू आतून खोलगट घासलेल्या असतात, धार अतिशय पातळ मिळते, पण हाडावर आपटली तर खपली उडू शकते. ‘फ्लॅट ग्राइंड’ पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरतो, तर फुगीर ‘कॉन्व्हेक्स’ घासणी सर्वांत दणकट असते. सोलण्यासाठी पहिली आणि सर्व कामांना मिळून एकच सुरी बाळगायची तर दुसरी, असा ढोबळ निवाडा करता येतो.

पोलादाच्या नावांवर जेवढी चर्चा होते तेवढी दुसऱ्या कशावर होत नाही, आणि ती गरजेपेक्षा जास्तच असते. १०९५ सारख्या साध्या पोलादात सुमारे ०.९५% कार्बन असतो. ते सहज पाजवता येते, चिवट असते आणि रक्त लागून राहिले तर काही तासांत डाग धरते. डी२ पोलादात सुमारे १.५% कार्बन आणि १२% क्रोमियम असते. त्याची धार टिकते, पण ते पूर्ण गंजरोधक नसते, कारण बरेचसे क्रोमियम कार्बनशी बांधले जाते. ४४०सी, लव्हलेसने सुऱ्यांसाठी रुळवलेले १५४सीएम आणि २००१ मध्ये आलेले, सुमारे ४% व्हॅनेडियम असलेले एस३०व्ही ही गंजरोधक पोलादे आहेत. व्हॅनेडियमचे कठीण कण धार टिकवतात आणि तेच धार लावताना साध्या निसण्याला दाद देत नाहीत.

यापेक्षा निर्णायक असते ते पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे ते तापवून, विझवून कडक करण्याची क्रिया. साधे कार्बन पोलाद सुमारे ८००° से. पर्यंत तापवून तेलात विझवले की ते काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. मग सुमारे २००° से. वर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. चांगल्या शिकारी सुरीची कठिणता रॉकवेल सी मापाने बहुधा ५८ ते ६१ असते. पाणी नीट दिलेले साधे पोलाद, पाणी बिघडलेल्या महागड्या पोलादाला सहज मागे टाकते. जाहिरातीत पोलादाचे नाव ठळक असते, पाणी कोणी आणि कसे दिले ते नसते. म्हणूनच जुने गिऱ्हाईक आधी कारागिराचे नाव विचारते.

नक्षीदार ‘दमास्कस’ पात्यांबाबत विशेष सावध राहावे. जुने दमास्कस पोलाद भारतात तयार होणाऱ्या वुट्झ पोलादाच्या लगडींपासून घडवत. आजचे बहुतेक दमास्कस दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकत्र ठोकून, आम्लात बुडवून नक्षी उठवलेले असते. अमेरिकेत ही कला बिल मोरन याने १९७३ मध्ये पुन्हा प्रकाशात आणली. हाताने उत्तम घडवलेले असे पाते देखणे आणि कामाचेही असते; स्वस्त मालात मात्र कोणते पोलाद आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मुठीची परीक्षा कोरड्या हाताने होत नाही. चरबीने आणि रक्ताने माखलेल्या, थंडीने बधिर झालेल्या हातात ती फिरता कामा नये, आणि पकड बदलताना टोचताही कामा नये. बोटांच्या खाचा पाडलेली मूठ दुकानात छान बसते, पण ती एकाच हाताला आणि एकाच पकडीला सोयीची असते. साबरशिंगाची मूठ तिच्या खडबडीत पकडीमुळे फार मानली जाई. भारतातून या शिंगांची निर्यात बंद झाल्यावर ते दुर्मिळ आणि महाग झाले. त्याऐवजी अक्रोडासारखी लाकडे, कापडाचे थर राळेत दाबून केलेला मिकार्टा किंवा काचतंतूंचा जी१० वापरतात. मिकार्टा ओला झाला की उलट अधिक पकड देतो. दिसायला बटबटीत असली तरी नारिंगी मुठीची सुरी अंधार पडताना पाचोळ्यात सापडते. काळ्या मुठीच्या कितीतरी सुऱ्या जंगलातच राहतात. पात्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेले असणे, म्हणजे ‘फुल टँग’, सर्वांत मजबूत. मागे निमुळता होत गेलेला टँग, म्हणजे मुठीतला पोलादाचा भाग, वजन कमी करून तोल बोटांजवळ आणतो आणि कारागिराच्या हाताचीही साक्ष देतो.

कारागिरी पाहताना डोळ्यांना शिस्त लावावी. सुरी दिव्याखाली धरून हळू फिरवली तर पात्यावरची प्रकाशाची रेषा सरळ सरकते. ती लाटेसारखी वळली तर घासणी असमान आहे. धार डोळ्यांसमोर धरली आणि ती कुठे चमकली, तर तिथे ती बोथट किंवा दुमडलेली आहे, कारण खऱ्या धारेवर प्रकाश परतायला जागाच नसते. घासणी मुठीजवळ जिथे संपते त्या रेषा दोन्ही बाजूंना जुळायला हव्यात. पाते आणि मुठीपुढची पितळी आडपट्टी यांच्यात नखाची कडही शिरू नये. ही केवळ सौंदर्याची अपेक्षा नव्हे. त्या फटीत रक्त शिरते आणि गंज तिथूनच सुरू होतो. पाण्याची परीक्षा घेण्याची लोहारांची रीत अशी : धार पितळी सळीवर किंचित तिरपी दाबत ओढायची. धार वाकून परत सरळ झाली तर पाणी ठीक. वाकलेलीच राहिली तर पोलाद मऊ, खपली उडाली तर ठिसूळ. विकत घेण्याआधी दुकानदार हे करू देईलच असे नाही.

मिटणाऱ्या सुऱ्यांमध्ये १९६४ मध्ये आलेली बक ११० सर्वांत गाजली. ती खिशात किंवा पट्ट्यावर सोयीने राहते. पण बिजागरीत गेलेली चरबी काढणे हे कंटाळवाणे काम असते. बदलत्या पात्यांच्या सुऱ्या शस्त्रक्रियेच्या चाकूइतक्या तीक्ष्ण असतात आणि धार लावण्याची कटकट वाचवतात. त्यांची पाती मात्र सांध्यात मोडतात आणि तुटलेला तुकडा मांसात हरवणे हा खरा धोका आहे. सुरी बाळगण्याचे, विशेषतः पात्याच्या लांबीचे आणि उघडल्यावर अडकून पक्के बसणाऱ्या (लॉक होणाऱ्या) पात्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत.

म्यानात सुरी खुळखुळू नये आणि उलटे धरल्यावर पडू नये. म्यान नेण्यासाठी असते, साठवण्यासाठी नाही : चामडे ओल धरून ठेवते आणि कमावतानाचे क्षार व आम्ले पोलादाला डाग पाडतात, पितळेवर हिरवा थर चढवतात. काम झाल्यावर सुरी कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच पुसावी, पात्याला खाण्यास सुरक्षित अशा खनिज तेलाचा पातळ हात द्यावा आणि ती म्यानाबाहेर ठेवावी. स्वयंपाकाची तेले यासाठी वापरू नयेत. ती कालांतराने चिकट होऊन थर धरतात.