तेव्हा आपण कोणत्या राज्यात होतो?

नागपुरात जुना कायदा किंवा सरकारी आदेश शोधायला निघालेल्या माणसाने आधी साल विचारावे, जागा नंतर. शहर जागचे हलले नाही, पण राज्य बदलत गेले. १८६१ ला मध्य प्रांत, १९०३ मध्ये त्याला जोडलेला वऱ्हाड, १९५० ला मध्य प्रदेश (राजधानी नागपूरच), १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. दर वेळी राजपत्राचे नाव बदलले, आणि कागद कुठे गेले हेही.

घोळ खरा १९५६ चा. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११९ ने असे ठरवले की प्रदेश दुसऱ्या राज्यात गेला तरी तिथला चालू कायदा बदल होईपर्यंत तसाच राहील. म्हणून विदर्भात मध्य प्रदेशची १९५४ ची जमीन महसूल संहिता मुंबई राज्यातही चालली, महाराष्ट्रातही चालली. १५ ऑगस्ट १९६७ ला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अमलात आली तेव्हा ती गेली. मधल्या अकरा वर्षांतला एखादा फेरफार आजच्या संहितेवर तपासणारे चुकतात ते इथे. कूळकायदा तर आजही निराळाच आहे: १९५८ चा, नावातच ‘विदर्भ प्रदेश’ असलेला.

पूर्व विदर्भातल्या मामा तलावाचे उदाहरण घ्या. मामा म्हणजे माजी मालगुजारी; मालगुजार म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा जमीनदार. पाणी कोणाचे, मासेमारी कोणाची, गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी) कोणी करायची, हा वाद निघाला की सातबारा पुरत नाही. गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढाव्या लागतात, कारण गावाचे वहिवाटीचे हक्क तिथे लिहिलेले असतात. मग मालगुजारी संपवणारा कायदा. तो सापडत नाही, कारण त्याच्या नावात साल १९५० आहे आणि क्रमांक मात्र १९५१ चा १. मालगुजारांचे हक्क शासनाकडे आले ३१ मार्च १९५१ ला. ज्या शहराच्या महानगरपालिकेसाठी केलेला ‘सिटी ऑफ नागपूर कॉर्पोरेशन’ कायदा नावाने १९४८ चा आणि क्रमांकाने १९५० चा २, तिथे सालावर किती भरवसा ठेवायचा? दोन्ही साले टाकून बघावे. इंडिया कोड या कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळावर महाराष्ट्राच्या यादीत नसेल तर मध्य प्रदेशची यादीही उघडावी.

निकालांची कथा याहून बरी. नागपूर उच्च न्यायालय २ जानेवारी १९३६ ला सुरू झाले. १९५६ ला उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि सिव्हिल लाइन्सच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसले. त्याआधी रायपूर-जबलपूरही नागपूरच्याच न्यायालयाखाली होते, म्हणून तिथल्या वादांचे त्या काळचे निकालही ‘नाग’ या खुणेखाली सापडतात. ते छापणारे ऑल इंडिया रिपोर्टर नागपूरचेच, आणि त्याचे खंड १९१४ पासूनच्या निकालांचे आहेत. ‘एआयआर १९५१ एससी ४६७’ हे उलगडून वाचायचे ते असे: ऑल इंडिया रिपोर्टरचा १९५१ चा खंड, सर्वोच्च न्यायालयाचा विभाग, पान ४६७. मालिका, साल, न्यायालय आणि पान यांपैकी एक जरी चुकले तरी ग्रंथपाल हतबल होतो.

हे पान मुद्दाम घेतले. तिथे ‘हरला विरुद्ध राजस्थान राज्य’ हा निकाल आहे; हरला हे आरोपीचे नाव. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूचा कायदा ठरावाने केला, पण प्रसिद्ध केलाच नाही. जो कायदा लोकांना कळायची सोयच केली नाही, त्याखाली शिक्षा देता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. निकाल लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

प्रसिद्धीचे माध्यम आता बदलले आहे. केंद्राचे राजपत्र १ ऑक्टोबर २०१५ पासून फक्त इलेक्ट्रॉनिक निघते. राज्याच्या राजपत्रात अधिनियमाचे मराठी आणि इंग्रजी पाठ वेगवेगळ्या भागांत येतात. अर्थावरून वाद झाला तर राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजी पाठच प्रमाण मानतात, म्हणून दोन्ही काढून ठेवावेत.

शासन निर्णयाचे तंत्र वेगळे. शेवटच्या परिच्छेदात १८ अंकी संकेतांक असतो. पहिले आठ अंक म्हणजे साल-महिना-दिवस आणि शेवटचे दोन विभागाचे. विषयाच्या शब्दांपेक्षा या संकेतांकाने शोधलेले बरे, कारण स्कॅन केलेल्या किंवा जुन्या फाँटात टंकलेल्या मराठीत शब्द लिहून शोध लागत नाही. निर्णय हाती आला की आधी वरचे ‘वाचा’ बघावे. तिथे मागच्या निर्णयांची साखळी असते, आणि मजकुरात ‘अधिक्रमित’ हा शब्द आला असेल तर तुमच्याकडचा जुना कागद मेला असे समजा. लोक व्हॉट्सॲपवर आलेला जीआर घेऊन कार्यालयात जातात आणि टेबलावरून उलट पाठवले जातात, ते बहुधा याच एका शब्दामुळे.

निकालांच्या बाबतीतही छापील पानाची सक्ती सैल झाली आहे. नागपूर खंडपीठाच्या निकालावर आता ‘२०२३:बीएचसी-नाग:’ अशा धर्तीची सुरुवात (आधी निकालाचे साल) असलेला तटस्थ क्रमांक येतो; त्याला कोणत्याही खाजगी मालिकेची गरज नाही. जिल्हा न्यायालयातल्या प्रकरणासाठी सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, पुरतो, सुरुवात ‘एमएच’ने.

पण संगणकावर जे चढवलेच नाही त्यासाठी पायपीट आहेच: शासकीय ग्रंथागार, विभागीय ग्रंथालय, विधी महाविद्यालयाचे ग्रंथालय, आणि मध्य प्रांताच्या काळच्या फायलींसाठी पुराभिलेख कार्यालय. जाताना साल, विभागाचे तेव्हाचे नाव आणि अधिसूचनेचा क्रमांक कागदावर लिहून न्यावा. क्रमांक कार्यालयाकडेच असेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात अर्ज करावा. मुदत ३० दिवसांची. अर्जात ‘संपूर्ण माहिती द्यावी’ असे लिहू नये, अमुक अधिसूचनेची प्रत असे लिहावे.