घरच्या घरी गुळगुळीत दाढी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून रेझर, पाती किंवा दाढीचा साबण नेणाऱ्या ग्राहकांची एक तक्रार वारंवार कानावर येते : दाढी गुळगुळीत झाली, पण मान दिवसभर चुरचुरत राहिली. दोष बहुधा पात्याला दिला जातो. आमच्या अनुभवात मात्र खरे कारण हाताच्या दाबात आणि दाढीआधीच्या घाईत सापडते, आणि या दोन्ही गोष्टी नवे सामान विकत न घेता सुधारता येतात.

दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. कोरडा असताना तो चिवट असतो. पाणी मुरले की तो फुगतो, मऊ पडतो आणि कापायला बरेच कमी बळ लागते. हे पाणी मुरण्यास दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात, त्यामुळे अंघोळीनंतर लगेच दाढी करणे सर्वांत सोयीचे. ते जमत नसल्यास कोमट पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल चेहऱ्यावर तेवढा वेळ धरावा. कढत पाणी टाळावे, कारण त्याने त्वचा कोरडी पडते आणि पुढची आग तिथूनच सुरू होते.

फेसाची दोन कामे आहेत : मुरलेले पाणी केसात टिकवणे आणि पात्याला घसरण देणे. मोठमोठे बुडबुडे दिसणारा फेस भरघोस वाटला, तरी त्यात हवाच अधिक असते. ब्रशवर थोडे थोडे पाणी घेत, घोटलेल्या सायीसारखा दाट आणि चकचकीत फेस होईपर्यंत तो फिरवत राहावा. चिमूटभर फेस दोन बोटांत चोळून पाहिल्यास बोटे सहज घसरली पाहिजेत. ती अडकत असतील तर पाणी कमी पडले आहे.

यानंतरचा भाग बहुतेक जण वगळतात, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. एक दिवसाचे खुंट वाढलेले असताना, कोरड्या चेहऱ्यावरून बोटे वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे फिरवून पाहावीत. जिकडे बोटे नेताना खुंट टोचतात ती उलटी दिशा आणि जिकडे ती सहज सरकतात ती सुलटी. गालांवर केस बहुधा खाली वळलेले असतात. मानेवर ते आडवे, कधी वरच्या दिशेने, तर जबड्याखाली चक्क भोवऱ्यासारखे उगवलेले आढळतात. म्हणजे गालावर सुलटा चालणारा हात तसाच खाली मानेवर आणला, तर तिथे नकळत उलटी दाढी होते, आणि मान चुरचुरण्याचे हे एक मोठे कारण आहे.

पहिला हात सर्वत्र सुलटा फिरवावा. पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा फिरवावा. रोजच्या दाढीला एवढे पुरते. उलटा हात त्वचा सोसत असेल तरच फिरवावा, कारण त्यात केस त्वचेच्या पातळीखाली कापला जाऊ शकतो आणि कुरळा केस वाढताना वळून त्वचेतच शिरतो. मग लाल, दुखऱ्या पुळ्या येतात. त्वचा फार ताणून धरल्यानेही हेच होते. 1971 मध्ये बाजारात आलेल्या जोडपात्यांच्या रेझरचे तत्त्वच असे, की पहिले पाते केस ओढते आणि तो मागे सरकण्याआधी दुसरे त्याला आणखी खालून कापते. अधिक पात्यांचे रेझर आम्हीही विकतो, तरी ज्यांना अशा पुळ्यांचा त्रास आहे त्यांना आम्ही एकाच पात्याचा रेझर सुचवतो.

दुधारी पात्याच्या रेझरचे डोके प्रथम गालावर टेकवावे, दांडी गालापासून सरळ बाहेर राहू द्यावी आणि पाते केसाला भिडून बारीक करकर ऐकू येईपर्यंतच ती हळूहळू खाली आणावी. पाते आणि त्वचा यांच्यात साधारण 30 अंशांचा कोन येतो तो याच ठिकाणी. त्यापुढे दाब रेझरच्या वजनाचाच असावा, हाताचा नव्हे, आणि फटका दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा लांब नसावा.

पोलादासारखे पोलाद मऊ केसाने बोथट कसे होते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. एमआयटी या अमेरिकी संस्थेतील संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिले, की केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असला, तरी तो ठरावीक कोनात वाकून धारेच्या एखाद्या कमकुवत जागी भिडला की तिथला सूक्ष्म कपचा उडतो. त्यामुळे पाते किती दाढ्या टिकेल याचा ठाम आकडा आम्ही देत नाही. केस ओढल्यासारखा वाटला की पाते बदलावे. धार टॉवेलने पुसू नये, नुसती धुऊन झटकावी. रेझर दुसऱ्या कोणालाही, अगदी घरातल्या माणसालाही, वापरायला देऊ नये, कारण हेपॅटायटिस बी आणि सी हे आजार रक्ताच्या सूक्ष्म अंशातूनही पसरू शकतात.

(दाढी केल्याने केस दाट होतात, हा समज 1928 मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर यांच्या अभ्यासात खोटा ठरला आहे. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो राठ लागतो, इतकेच.)

शेवटी गार पाण्याने चेहरा धुऊन, न घासता टिपून घ्यावा आणि ओल्या त्वचेवर तुरटी हलकेच फिरवावी. तुरटीने त्वचा आवळली जाते आणि बारीक कापल्याचे रक्त थांबते. शिवाय ती कुठे झोंबते याकडे लक्ष द्यावे : हात जड पडला तो तिथेच, आणि उद्या रेझर हलका धरायचा तोही तिथेच. पू झालेल्या पुळ्या किंवा केसतोड दिसल्यास मात्र त्या जागी पाते लावू नये, दाढी काही दिवस थांबवावी आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.