एक विकर, दोन नावं

पाटण-जावळीच्या रानात खाजकुयलीचे वेल सगळ्यांच्या ओळखीचे. शेंगेवरची मखमली कुसळं हाताला लागली की आग आग होते. १९३७ साली मद्रासच्या संशोधकांनी तिच्याच बियांतून एल-डोपा (थोडक्यात डोपा) हे रसायन वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी जर्मनीत गिनीपिगच्या मूत्रपिंडात या डोपाचं डोपामाइन, म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन करणारं विकर (एन्झाइम, शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) सापडलं आणि त्याला डोपा डीकार्बोक्सिलेज म्हणू लागले.

घोळ झाला तो पुढं. सेरोटोनिन हे असंच दुसरं निरोप्या रसायन तयार करणाऱ्या विकराला आधी वेगळं मानलं, नावही वेगळं दिलं. १९६२ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं की दोन्ही कामं करणारं विकर एकच आहे, म्हणून त्याला ॲरोमॅटिक एल-अमिनो ॲसिड डीकार्बोक्सिलेज, म्हणजे एएडीसी म्हणावं. ते सगळ्यांना पटलं नाही, वाद बरीच वर्षं चालला. विकर एकच, हे शेवटी ठरलं. तरी ते विकर बनवणाऱ्या जनुकाचं नाव डीडीसी, म्हणजे डोपा डीकार्बोक्सिलेजवरूनच राहिलं, आणि त्याच वेळी ते बदलायला हवं होतं असं मला ठामपणे वाटतं. साताऱ्यातल्या एका आईनं मला मुलाचा रिपोर्ट दाखवला होता. वर आजार एएडीसीची कमतरता, खाली जनुक डीडीसी. ‘पोराला दोन आजार हायेत का?’ हा तिचा पहिला प्रश्न. त्यात मराठीत ‘विकर’ आणि ‘विकार’ यांत फरक फक्त एका कान्याचा.

कंपवातात हेच विकर आडवं येतं. औषध म्हणून दिलेला डोपा मेंदूत पोचण्याआधीच आतड्यात, यकृतात त्याचं डोपामाइन होतं आणि मळमळ सुटते. म्हणून गोळीत कार्बिडोपा हे दुसरं औषध घालतात. ते मेंदूबाहेरच्या विकराला अडवतं, त्यामुळं डोपा खूप कमी लागतो.

विकर जन्मतःच कमी असण्याचा आजार १९९० मध्ये जुळ्या भावंडांत प्रथम नोंदवला गेला. बाळ मान धरत नाही, डोळे वर फिरून तासन्तास तसेच राहतात. घरचे फिट समजतात, कधी डॉक्टरही. मेंदूत थेट जनुक सोडण्याच्या उपचाराला युरोपात २०२२ मध्ये, अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. फिल्टर पेपरवर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातूनही संशय घेता येतो, कारण न वापरलेल्या डोपापासून होणारं ३-ओ-मिथाइलडोपा त्यात वाढलेलं दिसतं.