डाउनलोड केलेली फाइल: तिच्यावरची खूण कुठं हरवते?

सातबारा, पीक विम्याची पावती, जातीचं प्रमाणपत्र, नीटचं हॉलतिकीट. मराठवाड्यात कित्येक घरांत डाउनलोड केलेली पहिली फाइल आली ती अशा कागदांच्या रूपात, आणि तीही घरच्या संगणकावर नाही, तर तालुक्याच्या नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात. फाइल तिथं उतरवायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायची. हा प्रवास ध्यानात ठेवायला हवा, कारण फाइल सुरक्षित राहावी म्हणून कंपन्यांनी केलेल्या सोयींपैकी एक मोठी सोय नेमकी या प्रवासात गळून पडत होती.

धोक्याची जाणीव साऱ्या जगाला झाली ती मे २००० मध्ये. ‘आय लव्ह यू’ असा विषय असलेला ईमेल लाखो संगणकांवर पोचला. सोबतच्या फाइलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ (साध्या मजकुराची खूण) होतं आणि शेवटी ‘व्हीबीएस’ (प्रोग्रामची खूण). फाइलच्या नावाचा हा शेवटचा तुकडा, म्हणजे एक्सटेन्शन, विंडोज लपवत असे, त्यामुळे लोकांना दिसलं ते साधं पत्र. डबल क्लिक केलं की वाचायला काही मिळत नव्हतं, प्रोग्राम चालू होत होता. वाईट वाटतं ते याचं की एक्सटेन्शन लपवण्याची ही सवय विंडोजनं आजही सोडलेली नाही. ते दिसावं म्हणून सेटिंग आपणच बदलावं लागतं.

ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ नं खरा बदल केला. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलसोबत एक अदृश्य नोंद ठेवली जाऊ लागली. तिच्यात ३ हा आकडा असेल तर फाइल इंटरनेटवरून आली आहे असं समजायचं. अशी फाइल चालवायला गेलं की विंडोज आधी विचारतं. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलात तर तळाशी ‘अनब्लॉक’ लिहिलेला चौकोन दिसतो, तो याच नोंदीमुळे. पुढं २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस (वर्ड, एक्सेल) फाइलींमधले मॅक्रो, म्हणजे फाइलीच्या आत दडलेले छोटे प्रोग्राम, मायक्रोसॉफ्टनं आपोआप अडवायला सुरुवात केली, तेही हीच नोंद पाहून.

पण ही नोंद एनटीएफएस या पद्धतीनं फाइली साठवणाऱ्या डिस्कवरच टिकते, विंडोजच्या संगणकाची डिस्क सहसा तशी असते. पेन ड्राइव्ह बहुतेक एफएटी३२ या दुसऱ्या, जुन्या पद्धतीचे असतात. त्यावर फाइल कॉपी झाली की नोंद मागेच राहते. म्हणजे कॅफेतल्या संगणकाला जी फाइल परकी वाटत होती, ती झेरॉक्सच्या दुकानात पोचेपर्यंत घरचीच झालेली असे. त्यात ऑटोरनची भर. पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची ही वाट कॉन्फिकरसारख्या वर्मनं (एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामनं) २००८ नंतर पुरेपूर वापरली. एक्सपी आणि व्हिस्टावर ती बंद करणारं अपडेट सर्वांपर्यंत पाठवलं गेलं २०११ मध्ये.

तोवर ‘शॉर्टकट व्हायरस’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला होता. फोल्डर लपवलं जाई आणि त्याच नावाचा, कोपऱ्यात बाण असलेला शॉर्टकट दिसे. त्यावर क्लिक केलं की फोल्डर नेहमीसारखं उघडे, त्याच वेळी मागं व्हायरसही चाले. काम अडत नसल्यामुळे शंकाच येत नसे.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि फाइली थेट मोबाइलवर येऊ लागल्या. अँड्रॉइडमध्ये पूर्वी प्ले स्टोअरच्या बाहेरचं अॅप घेण्यासाठी सबंध फोनला एकच बटण होतं. २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून ही परवानगी प्रत्येक अॅपला वेगळी द्यावी लागते. सुधारणा चांगलीच आहे. मात्र व्हॉट्सअॅपला एकदा दिलेली परवानगी आपण काढेपर्यंत तशीच राहते, आणि सध्याची फसवणूक तिच्याच आधारानं चालते. पीएम किसानची यादी, आरटीओचं चलान, लग्नपत्रिका अशा नावांनी एपीके फाइली, म्हणजे अँड्रॉइडवर अॅप बसवणाऱ्या फाइली, येतात. अनुदानाची वाट पाहणारा शेतकरी ‘यादी’ उघडतो, अॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि बँकेचा ओटीपी परस्पर निघून जातो. यात त्या शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. त्याच्यासमोर कागदाचं नाव होतं आणि आतमध्ये प्रोग्राम होता, अगदी २००० सालासारखाच. यादी किंवा पत्रिका पीडीएफमध्ये नाहीतर फोटोत येते. तिला एपीकेची गरजच नसते.

फोनच्या सेटिंगमध्ये ‘अननोन अॅप्स’ शोधा आणि व्हॉट्सअॅप, क्रोम, फाइल मॅनेजर यांच्यासमोरची परवानगी बंद करा. अशी फाइल आधीच इन्स्टॉल झाली असेल तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.