उद्योजक संस्थाध्यक्ष (ग्रामीण विदर्भ)

व्यापारात किंवा उद्योगात आयुष्य घालवून शिक्षण संस्थेच्या अध्यक्षपदी येणारी आणि काही वेळा तिथून अभिमत (केंद्र सरकारने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या) अथवा खासगी विद्यापीठाच्या कुलपतिपदापर्यंत पोहोचणारी व्यक्ती. विदर्भाच्या ग्रामीण भागात कापूस, तेंदूपत्ता-बिडी, धान आणि खाणी या धंद्यांतून अशी माणसे पुढे आली. गावात त्यांना ‘अध्यक्षसाहेब’ किंवा नुसते ‘शेठजी’ म्हणतात. इथली बरीचशी महाविद्यालये व्यापाऱ्यांच्या पैशावर उभी राहिली, याची साक्ष पाट्याच देतात : अकोल्याचे राधाकिसन लक्ष्मीनारायण तोष्णीवाल विज्ञान महाविद्यालय, यवतमाळचे अमोलकचंद महाविद्यालय, गोंदियाचे नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय, वर्ध्याचे गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय.

शासकीय विद्यापीठाच्या कुलगुरुपदाची, म्हणजे प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या प्रमुखाच्या पदाची, वाट मात्र वेगळी आहे आणि ती या माणसांच्या वाट्याला फारशी आली नाही. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस वकील होते. पुढे त्या खुर्चीवर बसलेले सर हरिसिंह गौर आणि कुंजीलाल दुबे हेही वकीलच. त्या काळी कुलगुरुपद सार्वजनिक प्रतिष्ठेचे मानले जाई आणि ती प्रतिष्ठा कोर्टातून येई, बाजारातून नाही. अमरावती (१९८३) आणि गडचिरोलीचे गोंडवाना (२०११) ही विद्यापीठे निघाली तोवर हे पद पूर्णपणे प्राध्यापकांचे झाले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार त्यासाठी प्राध्यापकपदाचा किंवा त्या तोडीच्या संशोधन-प्रशासकीय कामाचा दहा वर्षांचा अनुभव लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निवड समिती नावे सुचवते, राज्यपाल कुलपती या नात्याने नेमणूक करतात आणि मुदत पाच वर्षे किंवा वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत असते.

म्हणून विदर्भातल्या उद्योजकाने विद्यापीठाकडे जाण्याचा पहिला मार्ग धरला तो दात्याचा. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० मध्ये वारले. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी त्यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला लाखो रुपयांची संपत्ती ठेवली. तिच्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. २०२३ मध्ये ती स्वतंत्र विद्यापीठ बनली. लक्ष्मीनारायण यांनी ना वर्ग पाहिला, ना इमारत. पैसा कशासाठी वापरायचा हे मात्र त्यांनी नेमके लिहून ठेवले होते, आणि त्या नेमकेपणामुळेच तो इकडेतिकडे गेला नाही.

दुसरा मार्ग संस्थाचालकाचा. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण जमनालाल बजाज (१८८९–१९४२). राजस्थानातल्या सीकरजवळच्या खेड्यात जन्मलेले जमनालाल लहानपणीच वर्ध्याच्या बच्छराज बजाज यांच्या घराण्यात दत्तक आले. शालेय शिक्षण जेमतेम, कापसाचा व्यापार मोठा. त्यांनी श्रीकृष्णदास जाजू यांच्यासह १९१४ मध्ये वर्ध्याला जी शिक्षण संस्था उभारली, ती आज शिक्षा मंडळ म्हणून ओळखली जाते. तिच्या मारवाडी विद्यालयाच्या रौप्य महोत्सवाच्या निमित्ताने २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. हातकामातून शिकवण्याची ‘नई तालीम’ योजना तिथे मांडली गेली आणि तिचा अभ्यासक्रम आखण्यासाठी झाकिर हुसेन समिती नेमली गेली. देशाच्या शिक्षणविचाराला वळण देणारी ही बैठक कापसाच्या गावातल्या, व्यापाऱ्याने काढलेल्या शाळेच्या आश्रयाने झाली, ही गोष्ट विदर्भात जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

जमनालाल यांचे मोठेपण देणगीच्या आकड्यात नाही. शिकवण्याचे काम त्यांनी शिकवणाऱ्यांवर सोपवले. शांतिनिकेतनातून आलेले आर्यनायकम आणि आशादेवी यांनी वर्धा-सेवाग्रामात नई तालीमची धुरा घेतली. १९४० मध्ये सुरू झालेल्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्यपद श्रीमन्नारायण यांनी सांभाळले. पैसा उभा करायचा, माणूस पारखून आणायचा आणि अभ्यासक्रमात हात घालायचा नाही, हा नमुना वर्ध्यात घडला. नंतरच्या प्रत्येक अध्यक्षाला याच कसोटीवर पाहिले पाहिजे. इमारती मोजण्याची आपली सवय दिशाभूल करते.

पूर्व विदर्भात हेच काम मनोहरभाई पटेल (१९०६–१९७०) यांनी केले. गोंदिया-भंडारा हा जंगलाचा, तेंदूपत्त्याचा आणि धानाचा मुलूख. बिडी वळणे हा घरोघरचा धंदा. बिडी उद्योगात नाव कमावलेल्या, आमदारही राहिलेल्या मनोहरभाईंनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि गोंदियापासून साकोलीपर्यंत शाळा-महाविद्यालये नेली. त्या काळी तिथल्या मुलाला पदवीसाठी नागपूर गाठावे लागे. मुलींना ते जवळजवळ अशक्यच होते.

पश्चिम विदर्भात चित्र वेगळे आहे. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये अमरावतीत उभारलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था शेतकरी समाजाच्या बळावर वाढली आणि तिथे अध्यक्ष आजीव सभासदांच्या मतांवर निवडून येतो. एका शेठजीची संस्था आणि सभासदांची संस्था यांतला हा फरक वऱ्हाडात ठळक दिसतो.

१९८३ मध्ये राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि अध्यक्षाच्या वाटचालीचा क्रमच बदलला. पूर्वी धंद्यात पैसा जमल्यावर उतारवयात संस्था काढली जाई. आता संस्था हीच मुख्य गुंतवणूक होऊ शकत होती. साधारण प्रवास असा : आधी कोषाध्यक्ष किंवा सचिव, मग अध्यक्ष, संलग्न महाविद्यालयांच्या व्यवस्थापनाचा प्रतिनिधी म्हणून विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) निवड, महाविद्यालय विकास समितीचे अध्यक्षपद, जिथे प्राचार्य सदस्य-सचिव असतो, आणि संस्था पुरेशी मोठी झाली तर अभिमत वा खासगी विद्यापीठ. अभिमत विद्यापीठात कुलपतीची नेमणूक प्रायोजक संस्था करते, त्यामुळे संस्थाचालक तिथे थेट कुलपती होऊ शकतो. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथल्या दत्ता मेघे अभिमत विद्यापीठाला २००५ मध्ये दर्जा मिळाला. त्याचे संस्थापक कुलपती दत्ता मेघे हे मात्र राजकारणातून आलेले.

व्यापारी माणूस या कामात नेमके काय आणतो, हे रोख पैशाच्या हिशेबात कळते. जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना, चालवणाऱ्याला रुईचा उतारा आणि सरकीचा भाव पाठ असतो आणि गावात पैसा कधी खेळतो तेही ठाऊक असते. जूनमध्ये पेरणीला हात रिकामे झालेल्या बापाकडे पूर्ण फी मागून उपयोग नाही. दिवाळीनंतर कापूस विकला की ती येते. म्हणून असा अध्यक्ष हप्ते बांधून देतो आणि मधले चार-पाच महिने पगाराची तजवीज स्वतः करतो. शिष्यवृत्तीची रक्कम सरकारकडून उशिरा येते, तेव्हाही हीच हातोटी कामी येते. विद्यापीठाची चौकशी समिती यायची असली की डेडस्टॉक रजिस्टर (टेबल-खुर्च्या, उपकरणे अशा टिकाऊ वस्तूंची नोंदवही) आणि ग्रंथालयाची दाखल नोंदवही रात्री बसून जुळवावी लागत नाहीत, कारण वह्या रोजच्या रोज लिहिण्याचा शिरस्ता पेढीवरूनच आलेला असतो.

याच सवयीची दुसरी बाजूही आहे. हिशेब कळतो म्हणून शिक्षणही कळते, असा समज झाला की तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर विभाग चालतात आणि नेमणूक गुणांऐवजी नात्यावर होते. ‘संस्थेचे मालक’ हा शब्द बोलण्यात सर्रास येतो, पण कायद्याने असा मालक नसतो. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असते. पदाधिकारी बदलला की धर्मादाय कार्यालयात ‘चेंज रिपोर्ट’ दाखल करावा लागतो. संस्थापक वारल्यावर भावाभावांत किंवा दोन गटांत वाद झाला तर तो याच रिपोर्टवर अडतो. बाहेर वर्ग चालू असतात आणि आत सही कुणाची हेच ठरलेले नसते. अशा वेळी शिक्षकांचे पगार आणि मान्यतेचे प्रस्ताव रखडतात.

जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या विनियमांच्या मसुद्यात उद्योग, लोकप्रशासन आणि सार्वजनिक धोरण या क्षेत्रांत वरिष्ठ पदावर दहा वर्षे काम केलेल्यांनाही कुलगुरुपदासाठी पात्र धरण्याची तरतूद होती. संस्थेचे अध्यक्षपद आणि विद्यापीठाचे कुलगुरुपद यांच्यातली भिंत त्यात प्रथमच औपचारिकपणे खाली आणली गेली, आणि प्राध्यापक संघटनांसह काही राज्य सरकारांनी मसुद्यातील तरतुदींना विरोध केला.