लावणी म्हणजे नुसता नाच?

‘लावणी म्हणजे नुसता शृंगारिक नाच, ती खरी कला नव्हे,’ असं वर्षानुवर्षं म्हटलं जातं. असं वाटणं समजू शकतं, कारण बहुतेकांनी लावणी पाहिली ती पडद्यावर किंवा स्टेजवर, घुंगरांसकट.

पण बैठकीच्या लावणीत गाणारी बसूनच गाते. एकच ओळ ती पुन्हापुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी भाव बदलतो: आधी विनवणी, मग रुसवा, मग नुसती भुवई उचलून टोमणा. शब्द तेच, अर्थ मात्र वेगळा. यालाच अदाकारी म्हणतात, आणि ती साधायला वर्षं जातात.

शृंगाराचं म्हणाल तर निर्गुणी, म्हणजे अध्यात्मावरची, लावणीही आहे. कलगी (शक्तीचा पक्ष) आणि तुरा (शिवाचा पक्ष) यांच्या सवाल-जबाबात शाहीर शक्ती श्रेष्ठ की शिव, यावर रात्र रात्र भिडत. आणि मुळात शृंगार हा नऊ रसांतला एक रस, त्याने कला कमी कशी होईल?

स्वतः पडताळून पाहा. बैठकीच्या लावणीचं एखादं चित्रीकरण लावा. आधी डोळे मिटून फक्त सूर आणि ताल ऐका. मग तीच ओळ आवाज बंद करून बघा, नजर फक्त चेहऱ्यावर आणि हातांवर ठेवा.